सह्यांचा कागद शेवटी कुणाच्या टेबलावर पडतो?

आमच्या कॉलनीच्या मागून एक ओढा जातो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पाण्याला उग्र वास यायला लागला, कधी फेस, कधी निळसर रंग, आणि वरच्या अंगाला चार-पाच कारखाने असल्यामुळे नेमका कुणाचा पाइप हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येईना. मग आईनं आणि शेजारच्या काकूंनी सह्या गोळा करायचं मनावर घेतलं. दुपारची जेवणं उरकली की दोघी फुलस्केपवर रेघा मारून घरोघरी जायच्या, नाव, घर नंबर, सही, ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा, शाईचं पॅड काकूंच्या पिशवीत. २१२ सह्या झाल्या. कागद नेऊन एका सरकारी ऑफिसात दिला, तिथल्या माणसानं घेतला, "बघतो" म्हणाला. सहा महिन्यांनी चौकशीला गेलो तर असा कागद आल्याची नोंदच नाही.

आईला त्या दिवशी फार लागलं. म्हणजे वासाचं नाही, वासाची सवय होते, पण २१२ माणसांनी विश्वासानं केलेल्या सह्या कुठल्या तरी कपाटात गेल्या हे तिला सहनच होईना. तेव्हापासून मी हा विषय जमेल तिथून वाचत आले, की सह्यांच्या अर्जानं खरंच काही होतं का, होतं तेव्हा कशामुळे होतं, आणि इतक्या वेळा काहीच का होत नाही. वाचून जे समजलं ते इथे साध्या भाषेत मांडतेय, कारण रोज व्हॉट्सअ‍ॅपवर दोन तरी लिंक येतात "सही करा, पुढे पाठवा", आणि आपण करतो, आणि मग पुढे काय होतं ते कुणीच सांगत नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे "याचिका" म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर कोर्ट येतं, कारण पेपरात जनहित याचिका, रिट याचिका हेच वाचलेलं असतं. कोर्टातली याचिका आणि सह्यांची याचिका या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्टात एक माणूस गेला तरी चालतं, तिथे सह्यांची संख्या बघत नाहीत, कायदा आणि पुरावा बघतात, आणि कोर्टाला निकाल द्यावाच लागतो. सह्यांचा अर्ज, निवेदन, ऑनलाइन पिटिशन, नाव काहीही द्या, ती एक विनंती असते. घटनेच्या ३५० व्या कलमानं प्रत्येकाला आपलं गाऱ्हाणं कुठल्याही अधिकाऱ्याकडे केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क दिलाय, म्हणजे मराठीत लिहिलेला अर्ज "इंग्रजीत आणा" म्हणून परत करता येत नाही. पण ती विनंती मान्यच करा अशी सक्ती त्यात नाही. आणि कंपनीला तर तुमच्या अर्जाला उत्तर देण्याचीही सक्ती नाही. हे एकदा नीट डोक्यात बसलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो, की मग ज्या अर्जांनी सरकारं आणि मोठमोठ्या कंपन्या हलल्या, ते अर्ज वेगळे कसे होते?

यासाठी मला सगळ्यात चांगलं उदाहरण वाटतं ते नेट न्यूट्रॅलिटीचं, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांनी सगळ्या साइट आणि अ‍ॅपना सारखंच वागवावं या मागणीचं, कारण त्यात एकाच वर्षात दोन मोहिमा झाल्या आणि दुसऱ्या वेळी जास्त सह्यांची बाजू हरली.

झालं असं की २०१४ च्या डिसेंबरमध्ये एअरटेलनं इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळे पैसे लावायचं जाहीर केलं, लोकांनी आरडाओरडा केला, कंपनीनं माघार घेतली. मग २७ मार्च २०१५ ला ट्रायनं, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेनं, एक सल्लामसलतीचा कागद काढला. ११८ पानांचा, क्लिष्ट इंग्रजीतला, त्यात २० प्रश्न, आणि उत्तरं द्यायची मुदत २४ एप्रिल. प्रश्नांचा गाभा इतकाच होता, की व्हॉट्सअ‍ॅप, स्काइपसारख्या सेवांवर वेगळे नियम किंवा पैसे लावावेत का, आणि एखाद्या अ‍ॅपला नेटवर खास वागणूक द्यावी का. आता ११८ पानं कोण वाचणार? इथे काही जणांनी स्वतःचा वेळ घालून फार मोलाचं काम केलं. त्यांनी तो कागद सोप्या भाषेत आणला, वीसच्या वीस प्रश्नांची उत्तरं लिहून काढली, एक साइट बनवली, आणि बटण दाबलं की ती उत्तरं तुमच्या मेलमध्ये यायची, वाटलं तर त्यात बदल करा, आणि थेट ट्रायच्या पत्त्यावर पाठवा. काही दिवसांत दहा लाखांवर मेल गेले. मधेच ६ एप्रिलला एअरटेलनं "झिरो" नावाची योजना आणली, म्हणजे काही ठरावीक अ‍ॅप वापरताना ग्राहकाचा डेटा खर्च होणार नाही, पैसे अ‍ॅपवाली कंपनी भरणार, फ्लिपकार्ट त्यात जाणार होती, लोकांनी फ्लिपकार्टच्या अ‍ॅपला एक-एक स्टार द्यायला सुरुवात केली आणि १४ एप्रिलला फ्लिपकार्ट बाहेर पडली.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ती फार लोकांना माहीत नाही. २७ एप्रिलला ट्रायनं आलेले सगळे मेल आपल्या साइटवर टाकले, पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट, दहा लाख लोकांचे पत्ते उघड्यावर. सरकारी सल्लामसलतीत तुम्ही लिहिलेलं सार्वजनिक होऊ शकतं, तेव्हा फोन नंबर, घरचा पत्ता असल्या गोष्टी मागितल्याशिवाय लिहू नका.

आता दुसरी मोहीम. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ट्रायनं दुसरा छोटा कागद काढला, त्यात प्रश्न चारच, वेगवेगळ्या साइटसाठी डेटाचे वेगवेगळे दर लावू द्यावेत का, याबद्दल. तेव्हा फेसबुकला भारतात "फ्री बेसिक्स" आणायचं होतं, गरिबांना फुकट इंटरनेट असं त्याचं नाव, पण त्यात फेसबुकच्या अटीत बसणाऱ्या ठरावीक साइटच मिळणार होत्या. फेसबुकनं आपल्याच वापरकर्त्यांच्या स्क्रीनवर निरोप दाखवला, एक बटण दाबलं की "मी फ्री बेसिक्सला पाठिंबा देतो" असा तयार मेल ट्रायला. ट्रायकडे २४ लाखांच्या आसपास प्रतिक्रिया आल्या आणि त्यातल्या जवळजवळ १९ लाख फेसबुकच्या बाजूच्या होत्या. नुसती मोजणी केली असती तर फेसबुक सहज जिंकलं असतं. पण ट्रायनं फेसबुकला लेखी कळवलं की तुमच्या मेलमध्ये आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नाहीत, सल्लामसलत म्हणजे हात वर करून घ्यायचं मतदान नाही. ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम आला, वेगवेगळे दर लावायला बंदी, मोडला तर दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख दंड, आणि दोन-चार दिवसांत फेसबुकनं भारतातून फ्री बेसिक्स गुंडाळलं.

मी हे पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा मला आमचा २१२ सह्यांचा कागद आठवला. त्यात आम्ही काय लिहिलं होतं? "ओढ्याचं प्रदूषण थांबवून नागरिकांना न्याय द्यावा ही नम्र विनंती." वर "माननीय महोदय". कोण महोदय? नगरपालिका, प्रदूषण नियंत्रण मंडळ की तहसीलदार? आणि न्याय म्हणजे त्यांनी सोमवारी सकाळी ऑफिसात आल्यावर नेमकं काय करायचं? आमच्या कागदाला "हो" म्हणायचं कुणी ठरवलं असतं तरी त्याला काय करावं ते कळलं नसतं.

ट्रायकडे लोकांनी पाठवलेला पहिला अर्ज यशस्वी झाला कारण एक दार ठरावीक दिवसांसाठी उघडं होतं, लोक त्याच दारातून गेले, आणि आत विचारलेल्याच प्रश्नांची उत्तरं घेऊन गेले. तो अर्जही साच्यातलाच होता बरं का, सगळ्यांचं मेल जवळपास सारखंच, त्यामुळे साचा वापरला म्हणून अर्ज वाया जातो असं नाही. अशी दारं आपल्याला वाटतात त्यापेक्षा खूप आहेत. २०१४ मध्ये केंद्रानं धोरण ठरवलं की कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, दर वेळी ते पाळलं जातंच असं नाही, पण मागणी करायला आधार आहे. नियम, अधिसूचना, विकास आराखडे यांच्यावर हरकती-सूचना मागवतात, पेपरात कोपऱ्यात छोटी जाहीर सूचना येते, आपण क्रिकेटचं पान उघडतो. ती मुदत चालू असताना पाठवलेल्या पन्नास नीट हरकती या मुदत संपल्यावर केलेल्या पन्नास हजार सह्यांपेक्षा जड असतात, कारण मुदतीतल्या हरकती विचारात घेणं हे त्या अधिकाऱ्याचं कामच असतं.

२०२० ला पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाला परवानगी देण्याआधी त्यानं पर्यावरणाचं काय होईल ते तपासण्याच्या, नव्या नियमांचा मसुदा आला, तेव्हा याची एक फार महत्त्वाची बाजू दिसली. लॉकडाऊन चालू, मसुदा इंग्रजी आणि हिंदीत, आणि हरकती मागवल्या देशभरातून. म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यानं किंवा चंद्रपूरच्या खाणीजवळच्या शेतकऱ्यानं काय वाचायचं? हे प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, कोर्टानं मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांत आणायला सांगितलं, त्यात मराठीही आली. तोवर लाखो लोकांनी मेलवरून हरकती पाठवल्या होत्या. तो मसुदा त्या रूपात अंतिम झाला नाही. पण पूर्ण खरं सांगायचं तर त्यातल्या काही गोष्टी नंतर छोट्या-छोट्या आदेशांतून आल्याच, त्यामुळे "जिंकलो" म्हणून पाठ फिरवली की मागून काय येतं याकडेही कुणीतरी बघत राहावं लागतं.

कंपन्यांचं वेगळं असतं. मंत्र्याला पुढची निवडणूक असते, कंपनीला नाव, गिऱ्हाईक, शेअरहोल्डर आणि परवाने असतात. कंपनीवर दबाव कसा तयार होतो आणि त्याला किती वेळ लागतो हे समजायला कोडाईकनालची गोष्ट बघा. तमिळनाडूतल्या या थंड हवेच्या गावात थर्मामीटरचा कारखाना होता, मशिनरी अमेरिकेतून आणलेली, आधी पाँड्सचा, मग हिंदुस्तान युनिलिव्हरकडे आला, ज्यांचं मुख्यालय आपल्या मुंबईत आहे. थर्मामीटर म्हणजे पारा. २००१ च्या मार्चमध्ये कामगार, गावकरी आणि पर्यावरणवाल्यांना गावातल्या एका भंगारवाल्याकडे पाऱ्यानं माखलेली काच सापडली, सात टनांहून जास्त. उघड्यावर, पोत्यांत, वस्तीच्या मध्ये. कारखाना बंद पडला. २००३ मध्ये जवळपास २९० टन पारायुक्त कचरा जहाजानं परत अमेरिकेला पाठवला. पण कामगारांचं काय? त्यांचं म्हणणं की आम्हाला आजार पाऱ्यामुळे झाले, कंपनीचं म्हणणं की तसा संबंध नाही. २००६ ला माजी कामगारांची संघटना मद्रास हायकोर्टात गेली. वर्षं गेली. २०१५ च्या जुलैअखेर चेन्नईच्या एका रॅपर मुलीचा व्हिडिओ आला, त्याच्याबरोबर ऑनलाइन पिटिशन, काही दिवसांत लाखाच्या घरात सह्या, युनिलिव्हरच्या लंडनमधल्या प्रमुखाला ट्विटरवर उत्तर द्यावं लागलं. ९ मार्च २०१६ ला ५९१ माजी कामगारांशी समझोता झाला, रक्कम जाहीर केली नाही, कंपनीनं मानवतेच्या भूमिकेतून दिल्याचं सांगितलं.

ही गोष्ट सांगताना लोक व्हिडिओपासून सुरुवात करतात, "बघा, एका गाण्यानं कंपनी झुकवली". मला ते कामगारांवर अन्यायाचं वाटतं. पंधरा वर्षं त्यांनी कागद सांभाळले, कोण कधी कामाला लागलं, कोणत्या विभागात होतं, कुणाला काय आजार, कुणाची किडनी गेली, कोण वारलं, हे सगळं लिहून ठेवलं, संघटना टिकवली, कोर्टाच्या तारखा केल्या. सह्यांची लाट आली तेव्हा मागणी काय, कुणासाठी, कुणाकडे, हे सगळं आधीच तयार होतं, लाटेनं फक्त कंपनीचं गप्प बसणं महाग केलं. आणि त्यानंतरही मातीतल्या पाऱ्याचा प्रश्न उरलाच, माती किती स्वच्छ करायची, भारतातलं प्रमाण युरोपातल्यापेक्षा ढिलं का, यावर वाद चालूच राहिला.

कंपनीपर्यंत जायच्या आणखी दोन वाटा आहेत ज्या आपण वापरतच नाही. मोठा प्रकल्प यायचा असेल तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी घ्यावी लागते, ३० दिवस आधी नोटीस, प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या वतीनं अपर जिल्हाधिकारी हजर. लेखी हरकत आधी देता येते. आणि त्यात एक बारीक तरतूद आहे जी प्रत्येकानं पाठ करावी, की सुनावणी संपताना झालेल्या चर्चेचा गोषवारा तिथेच, लोकांसमोर, स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा आणि त्याच दिवशी त्यावर सही व्हायची. लोक भाषणं करून, घोषणा देऊन निघून जातात आणि शेवटचं वाचन ऐकायला मंडपात कुणी नसतं. थांबा. आपलं म्हणणं कागदावर आलं का ते ऐका, नसेल तर तिथेच उठून सांगा. दुसरी वाट म्हणजे शेअर बाजारातल्या सगळ्यात मोठ्या १००० कंपन्यांना सेबीच्या नियमानं दर वर्षी जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो, त्यात गावकऱ्यांकडून, ग्राहकांकडून किती तक्रारी आल्या, किती बाकी आहेत हे लिहावं लागतं. फेसबुकवर शिव्या घातल्या तर त्या तिथे मोजल्या जात नाहीत, कंपनीच्या तक्रार यंत्रणेत लेखी दिलेली तक्रार मोजली जाते.

आता संसद आणि विधिमंडळ. लोकसभा आणि राज्यसभा दोन्हीकडे याचिका समित्या आहेत आणि आपल्या विधिमंडळात विनंती अर्ज समिती. लोकसभेत द्यायच्या अर्जावर खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते, अर्ज हिंदी किंवा इंग्रजीत, मराठीत असेल तर भाषांतर जोडून त्यावर सही, आणि सह्या करणाऱ्यांची पूर्ण नावं-पत्ते. ऑनलाइन इतक्या सह्या झाल्या की संसदेत चर्चा, असं आपल्याकडे काही नाही, ते ब्रिटनमध्ये आहे, तिथे संसदेच्या साइटवर १० हजार सह्यांना सरकार उत्तर देतं आणि एक लाखाला चर्चेचा विचार होतो. तिथेही २०१९ मध्ये ब्रेक्झिट रद्द करा म्हणून ६० लाखांवर सह्या झाल्या, चर्चा झाली, आणि सरकार नाही म्हणालं ते म्हणालंच. आपल्याकडचं गाजलेलं उदाहरण माजी सैनिकांच्या वन रँक वन पेन्शनचं, म्हणजे एकाच हुद्द्यावरून तेवढीच नोकरी करून निवृत्त झालेल्यांना सारखंच पेन्शन, मग निवृत्ती कधीची का असेना. राज्यसभेच्या याचिका समितीनं २०११ च्या डिसेंबरमध्ये त्यांच्या बाजूनं अहवाल दिला, समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, पुढे आपले राज्यपाल झाले तेच. योजना आली २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये, आणि ती कशी राबवावी यावर सैनिक कोर्टात गेले तेव्हा २०२२ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की समितीचा अहवाल म्हणजे सरकारचं धोरण नव्हे. म्हणजे समितीनं मान्य केलं तरी पुढचा रस्ता असतोच, पण त्या अहवालामुळे मागणीची व्याख्या कागदावर पक्की झाली आणि पुढची सगळी वर्षं लोक तोच कागद दाखवत राहिले.

मात्र एक जागा अशी आहे जिथे सही नुसती विनंती राहत नाही, तिला कायद्यानं ताकद आहे, आणि ती आपल्याच महाराष्ट्रात आहे. आडवी बाटली. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर तिथल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी करायची, मग सह्यांची पडताळणी होते, खरंच याच बाईनं सही केली का ते तपासतात, आणि ती झाली की प्रशासनाला महिलांचं गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला निम्म्याहून जास्त मतं पडली तर दुकान बंद. यातली खरी अवघड अट अशी की निम्मी म्हणजे मत द्यायला आलेल्यांपैकी निम्मी नाही, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे लग्न होऊन नांदायला गेलेल्या पण यादीतून नाव न काढलेल्या पोरी, पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या बाया, वारलेल्या आज्या, या सगळ्यांची न पडलेली मतं आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात जातात. त्यामुळे जाणत्या बायका सह्या गोळा करायच्या आधी मतदार यादी घेऊन बसतात, कोण गावात आहे, कोण नाही, कुणाला एसटीनं आणायचं, आणि पडताळणीच्या दिवशी रानात कामाला गेलेली बाई हजर राहील का. सही कशी मोजली जाणार आहे हे आधी समजून घेऊन मग सही घेणं, हे मी कुठल्याही तज्ज्ञाकडून शिकले नाही, आडवी बाटलीच्या बातम्या वाचून शिकले.

पडताळणी हा शब्द जुना आहे. इंग्लंडमध्ये १८४८ साली चार्टिस्ट लोकांनी, म्हणजे मतदानाचा हक्क मागणाऱ्या कामगारांनी, पार्लमेंटला अर्ज दिला, दावा ५७ लाख सह्यांचा. पार्लमेंटच्या कारकुनांनी मोजल्या तर २० लाखही भरेनात, आणि त्यात व्हिक्टोरिया राणीची सही. खऱ्या लाखो माणसांची मागणी त्या खोट्या सह्यांमुळे हशात गेली. त्यांच्या सहा मागण्यांपैकी पाच पुढे कायद्यात आल्या, पण त्या पिढीतल्या बहुतेकांना ते बघायला मिळालं नाही. म्हणून एकाच माणसानं पाच ईमेलवरून सही करणं, घरातल्या सगळ्यांची नावं आपणच लिहिणं, हे करू नका, एक खोटी सही सापडली की शंभर खऱ्यांवर संशय येतो. आपल्याकडे पुणे सार्वजनिक सभेनं १८७० मध्ये याचा फार सुंदर विचार केला होता. "तुम्ही कोण, कुणाच्या वतीनं बोलता" असं सरकारनं विचारायच्या आधीच त्यांनी सुमारे सहा हजार लोकांकडून मुखत्यारपत्रं घेतली आणि त्यावर ९५ प्रतिनिधी उभे केले. तेव्हाच्या काळात, पायी फिरून.

मागणी काय करायची याचाही जरा विचार लागतो. सॅनिटरी नॅपकिनवर १ जुलै २०१७ पासून १२ टक्के जीएसटी लागला तेव्हा लाखो बायकांनी सह्या केल्या, मुंबईतून "लहू का लगान" नावाची मोहीम झाली, आणि २१ जुलै २०१८ ला कर काढला. मोठा विजय होता, मी स्वतः तेव्हा सही केली होती. पण कर पूर्ण काढला की बनवणाऱ्याला कच्च्या मालावर भरलेला कर परत मिळत नाही, त्यामुळे किंमत १२ टक्क्यांनी खाली आली नाही. मागणी चुकीची होती असं मी म्हणत नाही. पण किंमत कमी व्हायला हवी असेल तर किंमतीबद्दलच मागावं लागतं.

ऑनलाइन सहीबद्दल थोडक्यात. लिंकवर सही केली की समोरच्या अधिकाऱ्याला किंवा कंपनीला फार तर एक मेल जातो, कुठेतरी आकडा वाढतो, त्यापलीकडे आपोआप काहीही होत नाही. चेंज डॉट ऑर्गसारख्या साइटवर सहीनंतर पैसे मागतात, ते त्या पिटिशनची जाहिरात करायला वापरतात, ते पिटिशन काढणाऱ्याच्या हातात जात नाहीत, त्यामुळे मदत पीडितालाच करायची असेल तर वेगळी करा. सही करायच्या आधी बघा की हे कुणाला उद्देशून आहे, त्याच्या अधिकारात ही गोष्ट येते का, आणि काढणारा माणूस या आकड्यांची प्रिंट घेऊन कुणाला भेटायला जाणार आहे का. नसेल तर त्याला कमेंटमध्ये विचारा, कितीतरी वेळा विचारल्यावर माणसं खरंच जातात.

आणि कागद हाती द्यायला गेलात तर दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, "साहेब नाहीत", "उद्या या" म्हणाले तरी आवक-जावकच्या टेबलाला साहेब लागत नाहीत. तो क्रमांक असला की महिन्यानं माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येतं की अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कारवाई केली, कुणाकडे आहे, शेरा काय, त्याची प्रत द्या, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो, तिथेही हा क्रमांकच विचारतात.

आमच्या दुसऱ्या अर्जाच्या वेळी आईनं हेच केलं. अर्ज एकाच अधिकाऱ्याच्या नावे, मागणी एकच, की ओढ्याच्या पुलाजवळ, स्मशानभूमीच्या मागे आणि मोरीपाशी अशा तीन ठिकाणी पाण्याचे नमुने घ्या आणि रिपोर्टची प्रत आम्हाला द्या. शिक्का घेतला. माहिती अधिकारात उत्तर आलं, नमुने घेतले होते, रिपोर्ट जोडला होता, सगळे आकडे मर्यादेत. काकूंनी तारीख बघितली, १९ जुलै. त्या आठवड्यात आमच्याकडे ओढा पुलाला लागला होता, तेवढ्या पाण्यात काय सापडणार. आता तिसरा अर्ज तयार आहे, त्यात लिहिलंय की नमुने फेब्रुवारीत आणि पहाटे पाच ते सातच्या मध्ये घ्यावेत, कारण काकूंनी गेले तीन महिने कॅलेंडरवर वास आलेल्या दिवसाची वेळ लिहून ठेवलीय आणि ती कायम तेव्हाचीच आहे. कॅलेंडरच्या पानांची झेरॉक्स मागे जोडलीय. सह्या यावेळी ६८ आहेत, ओढ्याला लागून राहणाऱ्यांच्याच, आणि गुरुवारी दोघी तो द्यायला जाणार आहेत.